मुंबई पाहायची ती कोणत्या वेळी?

‘मुंबई दर्शन’ची बस संध्याकाळी जुहूला पोचते, पाहुणे भेळ खातात, पाय ओले करतात आणि दर्शन संपतं. सकाळी गेटवेपासून निघालेल्या या गाडीने दिवसभरात वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, मणिभवन, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, नेहरू तारांगण अशी सगळी ठाणी घेतलेली असतात. सोलापूर, अकोला, नांदेड, बेळगावहून आलेल्या कित्येक पिढ्यांनी मुंबई अशीच पाहिली आहे. ही सहल स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि एका दिवसात बरंच दाखवते. तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण ती जिथे थांबते, तिथून पुढे या शहराचा खरा दिवस सुरू होतो. नाट्यगृहांचे दिवे लागतात, गिरगाव-दादरच्या उपाहारगृहांत रांगा लागतात, लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात गाण्याचे ठेके ऐकू येतात, आणि मध्यरात्रीनंतर ससून डॉकच्या दिशेने बर्फाच्या गाड्या निघतात. मुंबई पाहुण्याला आपल्या इमारती हौसेने दाखवते. आपली संध्याकाळ आणि रात्र मात्र दाखवत नाही. शहराच्या पर्यटनाचा आढावा घेताना सगळ्यात आधी नजरेत भरते ती हीच उणीव.

इमारतींच्या बाबतीत परिस्थिती खरोखर चांगली आहे आणि गेल्या वीस-बावीस वर्षांत ती सुधारत गेली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेल्या या स्थानकाचं काम १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चाललं. दगडातली पानं-फुलं, माकडं, मोर हे नक्षीकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह बसला आहे, दुसरीकडे वाघ. एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. रोज लाखो माणसं या दोघांच्या मधून धावत जातात. पाहुण्याने तिथे थांबून वर बघावं, कारण गडबडीत असलेल्या मुंबईकराला ते जमत नाही.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. ती कित्येक वर्षं सामान्य माणसाने फक्त बाहेरून पाहिली. जानेवारी २०२१ पासून शनिवार-रविवारी तिच्या आत मार्गदर्शकासह फेरी सुरू झाली आणि लोकांनी तिला चांगला प्रतिसाद दिला. जिथे कर भरायचा किंवा तक्रार घेऊन जायचं, त्या कचेरीचा घुमट आतून इतका देखणा आहे हे अनेक मुंबईकरांना तेव्हाच कळलं.

२०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही जागा सावकाश पाहण्यासारखी आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतात. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडल्यावर उभं राहिलेलं हे गॉथिक शहर, आणि त्यातला टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झालेला. मग पाठ फिरवायची. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात उठलेली आर्ट डेको घरांची रांग आहे. गोलाकार बाल्कन्या, फिकट रंग, जहाजासारख्या रेघा आणि कोपऱ्यावर १९३८ चं इरॉस थिएटर. पूर्वेची रांग सरकारने आणि बड्या दात्यांनी बांधली, पश्चिमेची शहरातल्या सुखवस्तू लोकांनी स्वतःला राहण्यासाठी. दोन रांगांच्या मध्ये पोरं क्रिकेट खेळत असतात. मुंबईचा सत्तर वर्षांचा इतिहास असा एका मैदानावर उभं राहून दिसतो, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही.

पण या झगमगाटाच्या अगदी बाजूला काही ठिकाणी मुंबई आपली गोष्ट सांगायचीच विसरली आहे. काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आहे. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून १८६० च्या दशकात ती उभी केली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पुढे एस्प्लनेड मॅन्शन नावाने ती ओळखली गेली, खिळखिळी होत गेली आणि २०१९ मध्ये रिकामी करावी लागली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या ज्या कोरोनेशनमध्ये लागला, ते थिएटर आज नाही. सिनेमाचं शहर पाहायला आलेला पाहुणा मात्र वांद्र्याला नटांच्या बंगल्यांच्या बंद फाटकांसमोर उभा राहून फोटो काढतो. पेडर रोडवरच्या गुलशन महलमध्ये २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि ते चांगलं आहे. तरी पन्नास पाहुण्यांपैकी एकाला तरी त्याचा पत्ता ठाऊक असेल का, याची शंका वाटते.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय राणीच्या बागेला खेटून आहे. बाग पाहायला, आता विशेषतः पेंग्विन पाहायला, माणसांची रीघ लागते. त्यातले फार थोडे शेजारच्या दारातून आत जातात. १८७२ पासूनच्या या वास्तूत जुन्या मुंबईतल्या माणसांचे, व्यवसायांचे, पगड्यांचे छोटे मातीचे नमुने आहेत. ते पाहताना आपल्या पणजोबांच्या काळातलं शहर डोळ्यांपुढे उभं राहतं. घारापुरीची लेणी (जागतिक वारसा, १९८७) सोमवारी बंद असतात आणि गेटवेहून लाँचने तासाभराच्या अंतरावर आहेत. त्या बेटावर वीज पोचायला २०१८ उजाडलं. कान्हेरी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. शंभराहून अधिक लेणी, डोंगरातच कोरलेली पाण्याची टाकी, आणि तरीही पाहुण्यांच्या यादीत तिचा क्रमांक फार खाली लागतो.

संध्याकाळी सहाच्या आसपास ही सगळी दारं बंद होतात. तिथून पुढे पाहुण्याने काय करायचं?

याचं सगळ्यात समृद्ध उत्तर दादरला, प्लाझाच्या समोर मिळतं. १९६५ मध्ये उघडलेलं श्री शिवाजी मंदिर हे मराठी व्यावसायिक नाटकाचं हक्काचं घर. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर ‘रात्रौ ८.३०’ असं छापलेलं असतं. शनिवारी-रविवारी दुपारीही प्रयोग असतो, म्हणजे एकाच दिवशी एकाच रंगमंचावर दोन वेगवेगळी नाटकं. दुपारचं नाटक संपलं की नेपथ्याचे तुकडे मागच्या दाराने टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या नाटकाचा दिवाणखाना उतरू लागतो. बाहेर तिकीटबारीवर दोन आजी नातवाला मागची रांग का नको ते समजावत असतात. आत पहिली घंटा होते, दुसरी होते. तिसऱ्या घंटेला कुजबूज थांबते, धूपाचा वास येतो, पडदा सरकतो. मध्यंतरात अख्खं प्रेक्षागृह बटाटेवड्याच्या खिडकीकडे धावतं. वडा गरम असतो, वेळ दहा मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात पहिल्या अंकावरची मतं अनोळखी माणसांतही उघडपणे सांगितली जातात. महाराष्ट्राबाहेर असं रोजचं, तिकीट काढून चालणारं, मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणारं व्यावसायिक नाटक भारतात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. मुंबईच्या सांस्कृतिक खजिन्यात याच्या तोडीची दुसरी वस्तू नाही.

या परंपरेला शहरात मोठा इतिहास आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या थिएटरात नाटकं केली. तिथल्या ‘प्ले हाऊस’चं लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं. जवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ मध्ये झालं, तिथे बालगंधर्व गायले. ती वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. आज तिचा सोनेरी सज्जा पाहणं हाच एक कार्यक्रम आहे. गिरगावात केळेवाडीचं साहित्य संघ मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी रंगायतन अशी ही साखळी लोकलच्या रुळांना धरून पसरली आहे. शिवाय जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून हिंदी-इंग्रजी प्रायोगिक नाटक जागतं ठेवून आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, आणि वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये उघडलेलं, भव्य आणि महाग नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर.

मग अडतं कुठे? मराठी न येणाऱ्या पाहुण्याला हे जग बंद आहे. नाटकाची जाहिरात मराठीत, मराठी वर्तमानपत्रात. हॉटेलातल्या माहितीपत्रकात तिचा मागमूस नाही. रंगमंचाच्या वर इंग्रजी किंवा हिंदीत संवाद दाखवणारी पट्टी ही काही महागडी गोष्ट राहिलेली नाही. मराठी महोत्सवांत ती अधूनमधून दिसते, पण नेहमीच्या प्रयोगाला ती कोणी लावत नाही. ‘संगीत देवबाभळी’सारखं नाटक, ज्यात दोन बायका, विठ्ठलाशी जोडलेलं त्यांचं दुःख आणि गाणं एवढंच आहे, ते भाषा न कळणाऱ्या माणसालाही धरून ठेवू शकेल. महिन्यातून चार प्रयोगांना अशी पट्टी लावून, ‘आज संध्याकाळी मुंबईत’ असं एखादं पान रोज तीन भाषांत काढलं, तर पाहुण्याची संध्याकाळ बदलेल आणि निर्मात्यांच्या रिकाम्या खुर्च्याही भरतील. ही सूचना खर्चिक नाही. ती फक्त कोणी तरी हातात घ्यायला हवी.

गिरणगावाची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्या जवळजवळ संपल्या. त्याआधी मुंबईचं रात्रीचं जीवन म्हणजे प्रामुख्याने कामगारांचं जीवन होतं. तिसऱ्या पाळीचा भोंगा, खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसं, खानावळी चालवणाऱ्या बायका. या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. चाळीच्या पटांगणात भजनाच्या डबलबाऱ्या रंगत, कोकणातून आलेली दशावतारी मंडळी नाचत, लालबाग-परळच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक याच वस्तीत मोठं झालं. ‘नाइट लाइफ’ हा शब्द कोणी वापरत नव्हतं, पण रात्र तेव्हाही जागीच होती.

आज त्याच जागेवर पब आणि उपाहारगृहं आहेत. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं आणि जवळजवळ दशकभर तिथे जगभरचं नवं संगीत वाजलं. नंतर कमला मिल, फिनिक्स, टोडी मिल असा सगळा पट्टा रात्री उजळू लागला. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागून चौदा माणसं मेली. जळाऊ छतं, अडलेल्या वाटा, बेकायदा बांधकाम या सगळ्यांवर तेव्हा बोललं गेलं. गच्चीवर बसण्यापूर्वी बाहेर पडायची वाट कुठे आहे हे पाहून घ्यावं, इतका साधा सल्ला कुठल्याही पाहुण्याला द्यायलाच हवा. आणखी एक गोष्ट मनाला लागते. या आवारांत चिमणी राखली जाते, विटांची भिंत शोभेला ठेवली जाते, पण इथे कोण काम करत होतं हे सांगणारा फलक क्वचितच सापडतो. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं चाललं आहे, पण ते फार वर्षं चाललं आहे.

मुंबईच्या रात्रीवर गोव्याचंही मोठं ऋण आहे. १९३० ते १९६० या काळात ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात आणि चर्चगेटच्या रेस्तराँत जॅझ वाजवणाऱ्यांत मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा होता. पोर्तुगीज राजवटीतल्या चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपी शिकायला मिळाली होती. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतलं गाजलेलं नाव. हीच माणसं दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत आणि संगीतकाराच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढवत. धोबी तलावच्या परिसरात त्यांच्या गावांच्या ‘कूड’ होत्या. एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेल्या या खोल्या. काही अजूनही आहेत. धोबी तलावलाच १९०४ चं कयानी हे इराणी उपाहारगृह आहे. ब्रून मस्का आणि चहा घेऊन बसलं की आजूबाजूच्या वस्तीचा हा सगळा इतिहास पायी फिरून पाहता येतो. या पायी फेरीत जितकी मुंबई कळते, तितकी बसच्या खिडकीतून कळत नाही.

कायद्याचा हात या रात्रीवर नेहमीच राहिला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याची पद्धत त्याच्याच पोटातली; ‘परमिट रूम’ ही पाटी तिथूनच आली. आजही महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. परप्रांतातून आलेल्या तरुणांना हे हॉटेलच्या दारातच कळतं. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी पुन्हा सैल झाल्या. या सगळ्या रस्सीखेचीत हजारो बायकांची रोजीरोटी गेली. त्यांच्या पुनर्वसनाबद्दल जितकं बोललं गेलं, त्याच्या मानाने झालं फारच थोडं.

जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मॉल, गिरण्यांची आवारं अशा अनिवासी भागांतली दुकानं आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला मोकळीक दिली. दारूची वेळ होती तीच, रात्री दीडपर्यंत, राहिली. दोन महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी आली आणि तो प्रयोग कागदावर राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने मद्यविक्रीची ठिकाणं वगळून बाकी आस्थापना चोवीस तास चालू शकतात असं पुन्हा स्पष्ट केलं. तरीही मध्यरात्रीनंतर फारशी दारं उघडी दिसत नाहीत, आणि याचं कारण परवान्यात नाही. वेटरला घरी जायला गाडी नाही, हे खरं कारण. शेवटची लोकल साधारण एकच्या आसपास सुटते आणि पहिली चारनंतर. मधले तीन तास रूळ दुरुस्तीसाठी लागतात, हेही खरंच. पण त्या तीन तासांत रस्त्यावरच्या बसचं प्रमाण जवळजवळ नगण्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो ३ पूर्ण झाली. तिने गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, सिद्धिविनायक, दादर जोडले आणि पाहुण्यांची मोठीच सोय केली. तीही रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते. म्हणजे साडेआठचं नाटक पाहिलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

ॲमस्टरडॅममध्ये रात्रीच्या कारभारासाठी वेगळा प्रतिनिधी निवडला गेला, लंडनने २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी काही भुयारी रेल्वेमार्ग रात्रभर चालवले. मुंबईला मात्र उदाहरणासाठी इतकं लांब जायची गरज नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, ३१ डिसेंबरला सोडतात. विसर्जनाच्या रात्री लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत लाखो माणसं रस्त्यावर असतात. त्यांच्यात बायका असतात, लहान मुलं असतात, आणि पहाटे चारलाही चहा मिळतो. ज्या शहराला हे जमतं, त्याला प्रत्येक शनिवारी शिवाजी मंदिराबाहेरून आणि लोअर परळहून चार दिशांना रात्रीच्या बस सोडणं जमणार नाही, असं कोणी म्हणू नये.

बायकांच्या दृष्टीने मुंबईची रात्र देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा मोकळी आहे. रात्रीच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पोलीस असतो, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मुली अकरा-बारा वाजेपर्यंत निवांत बसलेल्या दिसतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मधल्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात नेमका मुद्दा मांडला होता: कामाशिवाय, नुसतं रेंगाळण्यासाठी बाहेर राहण्याचा हक्क बाईला आहे की नाही. त्याच वर्षाच्या आसपास मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, स्वच्छ आणि फुकट मुताऱ्या बायकांनाही हव्यात म्हणून. पाहुण्या बाईला रात्री दहानंतर फोर्टमध्ये उघडं स्वच्छतागृह शोधायला लागलं की या मोहिमेचं महत्त्व लगेच कळतं. पर्यटनाच्या आराखड्यात रोषणाई आधी येते आणि स्वच्छतागृह शेवटी. हा क्रम उलटा व्हायला हवा.

रात्रीच्या खाण्याबद्दल फार सांगायला नको, ते पाहुणा स्वतःच शोधून काढतो. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत सहरीपर्यंत मालपुवे तळले जातात. नरिमन पॉइंटला सायकलवर चहा-सिगारेट विकणारा माणूस असतो, स्टेशनांबाहेर भुर्जीपावच्या गाड्या असतात.

मुंबईच्या रात्रीची एक गोष्ट मात्र कायमची गेली. गणेशोत्सवात गिरगाव-दादरच्या मंडळांत रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या बैठका असत. मोठमोठे गवई चाळीच्या मांडवात बसून उजाडेपर्यंत गात, आणि ऐकणारा सतरंजीवर बसलेला, फुकट आलेला असे. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक उत्सवाचं हे सगळ्यात सुंदर फळ होतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद केला. वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंतची सूट मिळते. हा नियम आवश्यकच आहे, ढोल-डीजेने हैराण झालेल्या कोणत्याही रहिवाशाला विचारा. पण त्याच्यापायी पहाटेचे राग पहाटे ऐकायची सोय गेली. बंद सभागृहात, मर्यादित आवाजात रात्रभराची मैफल करता येते आणि नियम तिला आडवा येत नाही. त्यासाठी परळ-गिरगावात एखादं सभागृह रात्रीसाठी ठरवून ठेवावं लागेल.

रात्र जागून काढली तर मुंबई आपला सगळ्यात मोठा तमाशा पहाटे दाखवते. कुलाब्याच्या ससून डॉकवर (१८७५) पाचच्या आधीच होड्या लागलेल्या असतात. खालून टोपल्या फेकल्या जातात, वर झेलल्या जातात. चुरलेल्या बर्फावर पापलेट, सुरमई, बोंबील, रावस यांचे ढीग. साडीचा काचा मारलेल्या कोळणी लिलावात आकडा असा ओरडून सांगतात की नव्या माणसाला भांडण चाललंय असं वाटावं. एका कडेला बायकांच्या रांगा कोळंबी सोलत बसलेल्या असतात आणि बोटं थांबत नाहीत. जमीन निसरडी असते, हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ म्हणत अंगावर येतो, आणि नुसतं बघायला आलेल्याने वाटेतून हटायचं असतं. कॅमेरा काढण्याआधी विचारावं, इथे माणसं कामावर आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा इथे येऊन उपयोग नाही. त्या वेळी दादरच्या फुलबाजारात जावं, तो बारा महिने पहाटे भरतो.

माणसं कामावर असताना त्यांना बघायला जाणं योग्य का, हा प्रश्न सगळ्यात टोकदारपणे धारावीत उभा राहतो. तिथल्या फेऱ्या विसेक वर्षांपासून चालू आहेत. कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने आणि प्लास्टिक वेगळं करणारं तेरा कंपाउंड पाहुण्यांना दाखवलं जातं. ‘गरिबीचं प्रदर्शन’ हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे आणि तो खोटा नाही. पण जी फेरी फोटोला मनाई करते, स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून घेते आणि नफ्याचा मोठा भाग वस्तीतल्या शिक्षणावर खर्च करते, ती फेरी आणि एसी गाडीच्या काचेतून दाखवलेली झोपडपट्टी यांना एका मापाने मोजता येणार नाही. धारावीतला कुंभार आपली भट्टी दाखवतो तेव्हा तो कारागीर म्हणून भेटतो. आता पुनर्विकासाच्या रेट्यात ही वस्ती बदलते आहे. तिथले धंदे त्याच जागी राहतात की नाही, यावर उद्याच्या पाहुण्याला काय दिसेल हे अवलंबून आहे.

शेवटी एका अशा पाहुण्याबद्दल, ज्याला पर्यटनाच्या आकडेवारीत क्वचितच धरलं जातं. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि महाराष्ट्राबाहेरूनही लाखो माणसं दादरच्या चैत्यभूमीवर येतात. दोन-तीन दिवस ती शिवाजी पार्कवर मुक्कामाला असतात. भीमगीतांच्या पार्ट्या रात्रभर गातात, पुस्तकांची दुकानं ओळीने लागतात आणि तिथे होणारी पुस्तकविक्री एखाद्या साहित्य संमेलनाला हेवा वाटावा अशी असते. येणाऱ्यांतली बरीच माणसं मग हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं घर राजगृह पाहतात, ते आधी राहिले त्या परळच्या बीआयटी चाळीकडे जातात, गेटवे पाहून परततात. त्यांच्यासाठी महापालिका मैदानावर मंडप घालते, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखाना, मोबाइल चार्जिंगची सोय करते, माहितीपुस्तिका छापते. रेल्वे जादा गाड्या सोडते. म्हणजे पाहुण्याला काय लागतं हे या शहराच्या यंत्रणेला तंतोतंत ठाऊक आहे आणि ते तीन दिवस ती उभंही करून दाखवते. बीआयटी चाळ ते राजगृह ते चैत्यभूमी अशी नीट फलक लावलेली, मराठी-हिंदी-इंग्रजीत समजावलेली पायी वाट वर्षभर चालू ठेवायला वेगळं काही शोधून काढावं लागणार नाही. तीच व्यवस्था, तेच माहितीपत्रक, आणि आठवड्यातून दोन दिवस परळ-दादरचीच दोन शिकलेली मुलं मार्गदर्शक म्हणून, एवढ्यावर ती सुरू करता येईल.